काढून घेतलेल्या सोयी

५ ऑक्टोबर २०२१ रोजी विंडोज ११ आले आणि त्यातला टास्कबार पडद्याच्या तळाशी खिळलेला निघाला. विंडोज ९५ पासून ही पट्टी हवी तर वर, हवी तर डावी-उजवीकडे नेता येत असे. सव्वीस वर्षे चाललेली ती मुभा नव्या आवृत्तीत नव्हती. तिच्याबरोबर आणखीही काही गेले. टास्कबार अरुंद करून छोटी चिन्हे ठेवण्याचे सेटिंग गेले. एखादी फाइल माउसने धरून टास्कबारवरच्या चिन्हावर क्षणभर थांबवली की तो प्रोग्राम पुढे यायचा आणि फाइल त्यात सोडता यायची, तेही गेले. आणि एकाच प्रोग्रामच्या खिडक्या एका चिन्हाखाली गोळा न करता प्रत्येकीचे नाव वेगळे दाखवण्याची सोयही गेली. ही शेवटची गोष्ट ऐकायला किरकोळ वाटते, म्हणून ती जरा जवळून पाहू. करसल्लागाराच्या कार्यालयात मार्चअखेरीस एका संगणकावर एक्सेलच्या सहा-सात फाइली एकदम उघड्या असतात. त्यांची नावे टास्कबारवर दिसत असली तर हव्या त्या नावावर एक क्लिक केले की काम झाले. नावे दिसत नसली तर आधी एक्सेलच्या चिन्हावर जायचे, छोटी चित्रे उमटेपर्यंत थांबायचे, प्रत्येक चित्रात तीच रकान्यांची जाळी, म्हणून वरची अर्धवट कापलेली नावे वाचायची आणि मग क्लिक करायचे. एका वेळी दोन-तीन सेकंदच जास्त जातात. पण हे दिवसभर चालते, आणि दर वेळी हातातल्या हिशेबावरचे लक्ष तेवढे उडते.

टास्कबार बाजूला नेण्यामागेही असाच रोकडा हिशेब होता. स्वस्त लॅपटॉपचा पडदा बरीच वर्षे १३६६ बाय ७६८ पिक्सेलचा असे. त्याला रुंदी मुबलक, उंची तुटपुंजी. स्केलिंग १०० टक्के असताना विंडोज १० चा टास्कबार ४० पिक्सेल उंच होता, छोटी चिन्हे निवडली तर ३०. विंडोज ११ मध्ये तो ४८ झाला, म्हणजे अशा पडद्याच्या उंचीचा बरोबर सोळावा हिस्सा. लेख लिहिणाऱ्याला, मुद्रिते तपासणाऱ्याला किंवा लांबलचक तक्ता पाहणाऱ्याला एकेक ओळ मोलाची असते, आणि पट्टी बाजूला सारून ती परत मिळवता येत होती. मायक्रोसॉफ्टने हे मुद्दाम कोणाला त्रास द्यायला केले असे मानायचे कारण नाही. टास्कबार नव्याने लिहिला गेला होता. जुन्या कोडमधली एकेक सोय नव्यात पुन्हा बांधावी लागणार होती, आणि जिची बांधणी राहिली ती सोय गेली. कंपनीच्या बाजूने २०२२ मध्ये जाहीरपणे दिलेले कारण असे होते की टास्कबार बाजूला न्यायचा तर बाकीच्या प्रोग्रामांनाही त्याप्रमाणे जुळवून घ्यावे लागते, हे काम प्रचंड आहे, आणि ती सोय मागणारे त्या मानाने थोडे आहेत.

नवे सॉफ्टवेअर लिहिताना एखादा पर्याय मुळातच न देणे आणि लोकांनी वर्षानुवर्षे ज्याच्या आधाराने काम बसवले तो पर्याय काढून घेणे, या दोन गोष्टी निर्मात्याच्या कोडमध्ये सारख्याच दिसतात. वापरणाऱ्याच्या टेबलावर त्या सारख्या नसतात. पहिल्या बाबतीत त्याने कधी काही गमावलेले नसते. दुसऱ्या बाबतीत त्याच्या हाताची सवय, कामाचा क्रम, कधी कधी त्याच्या डोळ्यांची किंवा मनगटाची निकड त्या पर्यायावर उभी असते. असा पर्याय काढला की सॉफ्टवेअर सोपे झाले असे जाहीर होते, पण गुंतागुंत कुठे जात नाही. ती निर्मात्याच्या माथ्यावरून उतरते आणि वापरणाऱ्याच्या माथी बसते. आणि ज्यांच्या माथी बसते त्यांना, ज्या आकड्यांवरून हे निर्णय घेतले जातात त्या आकड्यांत फारशी जागा नसते. माझा आक्षेप आहे तो इथे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे मात्र हलके नाही आणि ते नीट ऐकले पाहिजे. ते सर्वांत स्पष्टपणे मांडले ते लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या मंडळींनी. जून २००२ मध्ये ग्नोमची दुसरी आवृत्ती आली तेव्हा पहिल्या आवृत्तीतल्या सेटिंग्जची मोठी छाटणी झालेली होती. त्या काळात रेड हॅट कंपनीत काम करणारे आणि ग्नोमच्या प्रमुख प्रोग्रामरांपैकी एक असलेले हॅवॉक पेनिंग्टन यांनी त्यामागचा विचार एका निबंधात सविस्तर मांडला. प्रत्येक सेटिंगला किंमत असते, हे त्यांचे मुख्य सूत्र. सेटिंग्ज फार झाली की त्यांतले हवे ते सापडत नाही, म्हणजे असून नसल्यासारखेच. प्रत्येक सेटिंग तपासावे लागते. आणि बऱ्याचदा सेटिंग ही पळवाट असते: काय बरोबर याचा निर्णय घ्यायचे टाळून प्रोग्रामर तो प्रश्न वापरणाऱ्यापुढे सरकवतात, किंवा मूळ दोष दुरुस्त करण्याऐवजी तो बंद करण्याचे एक बटण देतात. यातला तपासणीचा मुद्दा आकड्यांत पाहिला की पटतो. हो किंवा नाही एवढेच उत्तर असलेली दहा सेटिंग्ज घेतली तर सॉफ्टवेअरच्या १,०२४ वेगवेगळ्या अवस्था संभवतात. वीस घेतली तर १०,४८,५७६. इतक्या अवस्थांत प्रोग्राम चालवून पाहणे कोणालाही शक्य नाही, आणि न तपासलेल्या अवस्थेतच बिघाड दडून बसतो.

या युक्तिवादाच्या बळावर झालेली काही छाटणी योग्यच होती. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये पूर्वी जावास्क्रिप्ट बंद करण्याची चौकट अगदी दर्शनी जागी असे. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलात डिझाइनचे काम पाहणारे ॲलेक्स लिमी यांनी मार्च २०१३ मध्ये दाखवून दिले की अशा एका चौकटीतली खूण चुकून निघाली तर आजच्या बहुतेक वेबसाइट मोडतात, आणि साध्या माणसाला आपले काय बिघडले याचा पत्ताही लागत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या फायरफॉक्स २३ मधून ती चौकट काढली गेली. पण ज्याला खरोखर जावास्क्रिप्ट बंद करायची होती त्याच्यासाठी ते सेटिंग 'अबाउट कॉन्फिग' या आतल्या पानावर शिल्लक होते. धोक्याची वस्तू वाटेतून उचलून फळीवर ठेवली, फेकून दिली नाही. छाटणी करावी तर अशी. दहा सेटिंग्जच्या हजारभर अवस्थांचे गणितही जरा उलगडून पाहावे लागते. सेटिंग्ज एकमेकांत गुंतलेली असतील तरच तो गुणाकार खरा ठरतो. टास्कबार कोणत्या कडेला आहे याचा छपाईच्या कागदाच्या आकाराशी काही संबंध नसतो. त्यांच्या जोड्या तपासायची गरज नसते. चांगल्या बांधणीच्या सॉफ्टवेअरमध्ये बहुतेक सेटिंग्ज अशी परस्परांपासून अलग असतात. जिथे ती गुंतलेली असतात तिथे पुष्कळदा दोष बांधणीचा असतो.

ग्नोमने मात्र तो विचार पुढे रेटला, आणि त्याचे काय झाले हे तपासण्यासारखे आहे. ६ एप्रिल २०११ रोजी आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत खिडकी लहान-मोठी करण्याची बटणे पट्टीवरून काढलेली होती. ती परत आणायला किंवा अक्षरांचा टाइप बदलायला एक वेगळे साधन बसवावे लागे. संगणक बंद करण्याचा पर्यायही मेन्यूत दिसत नसे. तिथे फक्त संगणक झोपवण्याचा पर्याय होता, आणि कीबोर्डवरची 'अल्ट' ही कळ दाबून धरली की त्याच जागी बंद करण्याचा पर्याय उमटे. ही कळ दाबायची हे कोणी सांगितल्याशिवाय कळण्याचा मार्ग नव्हता. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी ग्नोमवर २००५ मध्येच जाहीर टीका केली होती. २०११ मध्ये त्यांनी ग्नोम सोडून एक्सएफसीई हा साधा डेस्कटॉप धरला. टोरवाल्ड्स यांचा राग हा मी पुरावा मानत नाही, प्रोग्रामर मंडळी रागावतातच. पुरावा दुसरीकडे आहे. जुन्या ग्नोमचा कोड घेऊन मेट नावाचा डेस्कटॉप उभा राहिला, लिनक्स मिंटने नव्या ग्नोमच्या पायावर पण जुन्या मांडणीचा सिनॅमन बांधला, आणि हे दोन्ही आजवर टिकले आहेत. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे कंपन्यांना पैसे घेऊन विकल्या जाणाऱ्या रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सची सातवी आवृत्ती जून २०१४ मध्ये आली तेव्हा तिच्यात नवे ग्नोम थेट न देता 'ग्नोम क्लासिक', म्हणजे जुन्या वळणाची मांडणी, आधीपासून लावलेली होती. ग्नोमच्या जडणघडणीत जिचा सर्वांत मोठा वाटा, त्याच कंपनीने आपल्या गिऱ्हाइकांच्या रोजच्या कामासाठी जुने वळण निवडले.

आता आकड्यांकडे वळू, कारण पर्याय काढण्याचा निर्णय हल्ली बहुधा 'हे फार थोडे लोक वापरतात' या वाक्यावर घेतला जातो. याचे प्रसिद्ध उदाहरण मायक्रोसॉफ्ट ऑफिसचे आहे. ऑफिस २००३ मध्ये कोणतेही बटण कोणत्याही टूलबारवर ओढून ठेवता येत असे. जानेवारी २००७ मध्ये रिबन नावाची बटणांची नवी मांडणी घेऊन आलेल्या ऑफिस २००७ मध्ये ही मोकळीक वरच्या एका छोट्या पट्टीपुरती उरली. त्या बदलावर काम करणारे जेन्सन हॅरिस यांनी दिलेला आकडा असा: ऑफिस २००३ जितक्या वेळा वापरले गेले त्यांतल्या दोन टक्क्यांहून कमी वेळा टूलबारची मांडणी बदललेली आढळली, आणि त्यांतही बहुतेकांनी चारपेक्षा जास्त बटणे हलवली नव्हती. आकडा खरा आहे. पण तो आला कुठून? माहिती पाठवायला ज्यांनी आपणहून संमती दिली त्यांच्या संगणकांवरून. स्वतःच्या पद्धतीने संगणक मांडणारा, प्रत्येक सेटिंग उघडून पाहणारा माणूस अशी संमती देण्याचे टाळण्याची शक्यता जास्त. शिवाय कोट्यवधींतले दोन टक्के म्हणजे लाखो माणसे, आणि ती कोण आहेत हे टक्केवारी सांगत नाही. रोज आठ तास वर्डमध्ये बसणारा अनुवादक आणि महिन्यातून एक अर्ज टाइप करणारा माणूस तिथे सारखेच मोजले जातात. आग विझवण्याचे सिलिंडर इमारतीत किती वेळा वापरले गेले हे मोजून ते ठेवायचे की नाही हे कोणी ठरवत नाही. किती जणांना लागते याच्या जोडीला ज्याला लागते त्याचे त्यावाचून काय होते, हेही विचारावे लागते. मायक्रोसॉफ्टला ते उमगले असावे, कारण ऑफिस २०१० मध्ये रिबन हवी तशी मांडण्याची सोय देण्यात आली.

मराठी वाचकांसाठी हा मुद्दा कोरडा नाही. फायरफॉक्सच्या सेटिंग्जमध्ये फाँटच्या सविस्तर पर्यायांत गेले की प्रत्येक लिपीसाठी वेगळा फाँट आणि अक्षराचा वेगळा किमान आकार ठरवता येतो; त्या यादीत देवनागरी आहे. ही सोय कशासाठी, हे 'दृष्ट्या', 'र्‍हस्व' किंवा 'वाङ्मय' यांसारखे शब्द बारीक अक्षरांत वाचून पाहिले की समजते. रोमन अक्षर एका आकारात सुबक दिसते; त्याच आकारात देवनागरीला वर वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि मध्ये जोडाक्षर बसवायचे असते, त्यामुळे मूळ अक्षराला जागा कमी उरते. वयस्क वाचकाला इंग्रजी मजकूर आहे तसा ठेवून फक्त देवनागरी मोठी करता आली तर पानाची मांडणी न मोडता त्याचे वाचन सुखाचे होते. क्रोमच्या नेहमीच्या सेटिंग्जमध्ये अशी लिपीनिहाय सोय नाही. तिथे आकार बदलला की सगळ्याच लिपींचा बदलतो. आता जगभरच्या फायरफॉक्स वापरणाऱ्यांत देवनागरीचा किमान आकार बदलणारे किती असतील? अगदी थोडे. टक्केवारीच्या कसोटीवर हे सेटिंग केव्हाही बाद ठरू शकते. जगाच्या सरासरीने निर्णय होतात तेव्हा इंग्रजीत, मोठ्या पडद्यावर, धडधाकट डोळ्यांनी काम करणारा माणूस त्या सरासरीच्या मध्यभागी असतो, आणि आपण बहुतेक वेळा कडेला असतो.

थोडेच लोक सेटिंग्ज बदलतात, यालाही आणखी एक बाजू आहे, आणि ती संशोधनातून पुढे आलेली आहे. वेंडी मॅके यांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रोजेक्ट अथेना या संगणक व्यवस्थेतल्या ५१ जणांच्या सवयींचा अभ्यास केला. तो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. लोक सॉफ्टवेअर आपल्या सोयीने केव्हा बदलून घेतात, हा त्यांचा प्रश्न होता. हौस म्हणून किंवा काही नवे हवे म्हणून बदलणारे होते, पण ठळकपणे दिसलेली गोष्ट वेगळी होती: नवी आवृत्ती आली की पुष्कळ लोक सेटिंग्ज उघडत ती जुन्यासारखी वागवण्यासाठी. म्हणजे सेटिंग हे सजावटीपेक्षा सातत्य राखण्याचे साधन जास्त आहे, आणि त्याची सर्वांत जास्त गरज नेमकी आवृत्ती बदलते त्या दिवशी असते, ज्या दिवशी ते काढून घेतले जाते. मॅके यांनी त्याआधी, १९९० मध्ये, सेटिंग्ज एकाकडून दुसऱ्याकडे कशी जातात याचाही अभ्यास केला होता. प्रत्येक ठिकाणी थोडी माणसे अशी असतात की ती स्वतः धडपडून मांडणी बसवतात आणि मग आसपासच्यांना ती देतात. आपल्याकडच्या कोणत्याही कार्यालयात, शाळेत, छापखान्यात असा एक जण असतोच. टाइप करताना मराठी उमटत नाही, पान छापताना कापले जाते, अक्षर बारीक दिसते, की सगळे त्याच्याकडे जातात आणि तो दोन मिनिटांत सेटिंग बदलून देतो. त्याच्या हातातून पर्याय काढला तर आकड्यांत एक माणूस कमी होतो. प्रत्यक्षात त्याच्या भोवतीच्या दहा-पंधरा जणांची सोय जाते, आणि त्यांनी सेटिंग्जचे पान कधी उघडलेलेही नसते.

लोक कोणत्याही बदलाला आधी विरोध करतात आणि चार महिन्यांत सवय करून घेतात, असे यावर म्हटले जाते. त्यात तथ्य आहे. रिबनवर आज फारसे कोणी चिडत नाही. पण सवय झाली ती ज्यांना करून घेता आली त्यांची. ज्यांना जमले नाही ते तक्रार न करता मागे पडले, किंवा मुलाला-नातवाला विचारून काम करू लागले, आणि ते कोणत्याच आकड्यात येत नाहीत. दुसरे असे की काही बाबतींत सवय झालीच नाही. विंडोज ८ मधून काढलेले स्टार्ट बटण वर्षभरात, ऑक्टोबर २०१३ मध्ये, ८.१ मधून परत आले आणि स्टार्ट मेन्यू २०१५ मध्ये विंडोज १० मधून. विंडोज ११ मध्ये फाइल टास्कबारवर ओढण्याची सोय २०२२ मध्ये परत आली, आणि खिडक्यांची नावे वेगळी दाखवण्याची सोय सप्टेंबर २०२३ मध्ये. दोन वर्षांनीही मागणी टिकून होती, आणि करता येण्यासारखे होते म्हणूनच करून दिले. ज्यांना पटत नाही त्यांनी जुनी आवृत्ती वापरावी, हा सल्लाही फार काळ पुरत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला. सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना इंटरनेटला जोडलेला संगणक चालवणे ही निवड म्हणता येत नाही. मग लोक बाहेरची साधने शोधतात. विंडोज ८ च्या काळात क्लासिक शेल होते, विंडोज ११ साठी एक्सप्लोररपॅचरसारखी साधने आली. ती जीव ओतून बनवलेली असतात, पण संगणकाच्या अगदी आतल्या भागात हात घालतात आणि मोठे अपडेट आले की मोडतात. साधेपणासाठी काढलेल्या सेटिंगची जागा अशा रीतीने त्याहून नाजूक आणि धोक्याच्या गोष्टीने भरली जाते.

जुना कोड कधी टाकूच नये, असे माझे म्हणणे नाही. सॉफ्टवेअर मुळापासून लिहावे लागते, आणि तसे लिहिताना पहिल्या दिवशी सगळे पर्याय तयार नसणार हेही मान्य. पण तो काळ निभावून नेण्याच्या बऱ्या रीती असतात, आणि एक तर ॲपलनेच दाखवली आहे. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी कंपनीने पेजेस, नंबर्स आणि कीनोट हे तिन्ही प्रोग्राम नव्याने लिहून आणले तेव्हा त्यांतल्या कितीतरी जुन्या सोयी नव्हत्या. पेजेसमध्ये टूलबार आपल्या सोयीने मांडता येत नव्हता, उभी मोजपट्टी नव्हती, मजकुराच्या शैलींना कीबोर्डवरच्या कळा जोडता येत नव्हत्या. लोक संतापले. काही दिवसांतच कंपनीने या गोष्टींची नावानिशी यादी जाहीर केली आणि साधारण सहा महिन्यांत त्या परत आणू असे सांगितले. आधीची आवृत्ती तर तिने संगणकावरून काढलीच नव्हती; नवीच्या शेजारी जुनी तशीच चालत राहिली. यादी लोक रागावण्याआधी, आवृत्तीबरोबरच यायला हवी होती. तरीही काय गेले, ते का गेले, परत केव्हा येणार आणि तोवर काम कशावर करायचे, या प्रश्नांची उत्तरे वापरणाऱ्याला मिळाली. दरवर्षी नवी आवृत्ती आणणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून एवढे तरी मागण्याचा आपल्याला हक्क आहे.

आणि मागायचे तर नेमके मागावे. मोझिलाच्या बगझिला या व्यवस्थेत कोणीही खाते उघडून लिहू शकतो, विंडोजमध्ये त्यासाठी फीडबॅक हब आहे. 'जुनेच चांगले होते' एवढ्याने तिथे काही हलत नाही. कोणते काम करत होतो, पूर्वी ते किती पायऱ्यांत व्हायचे, आता किती लागतात, कोणती लिपी, किती मोठा पडदा, हे लिहिले तर प्रोग्रामरपुढे टक्केवारीच्या जोडीला एक माणूस उभा राहतो. देवनागरीचा किमान आकार कोण बदलतो, असा प्रश्न उद्या तिकडच्या एखाद्या बैठकीत निघाला तर त्याचे उत्तर तिथे आधीच नोंदलेले असायला हवे.